कुठल्या शेतात उतरशील?

सेसना 152 या आमच्या शिकाऊ विमानाचं हस्तपुस्तक विचिटा शहरात लिहिलं गेलं. विचिटा अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात. तिथली जमीन जुन्या मोजणीदारांनी मैलामैलाच्या चौकोनांत आखून ठेवलेली. त्या चौकोनाचा चतकोर म्हणजे 160 एकर, आणि तेवढं सगळं एकाच मालकाचं असणं ही तिथे नवलाची गोष्ट नाही. अशा मुलखात बसून ज्यांनी विमान घडवलं, त्यांनी पुस्तकात लिहिलं की इंजिन बंद पडलं तर वेग 60 नॉट ठेवा आणि उतरायला योग्य अशी जागा निवडा. जागा निवडा! लिहिणाऱ्याला खिडकीबाहेर पाहूनच हे सुचलं असणार.

मी शिकवते ती धावपट्टी तापीच्या खोऱ्यात आहे. उत्तरेला सातपुडा, खाली कापूस, केळी, मका, हरभरा. इथे 160 एकरांत तीसेक खातेदार सहज निघतील आणि त्यातल्या निम्म्यांचं बांधावरून वाजलेलं असेल. एक एकर चौरस धरला तर त्याची बाजू भरते जेमतेम 64 मीटर. डांबरी पट्टीवर टेकल्यापासून ब्रेक मारून थांबेपर्यंत 152 ला साधारण 145 मीटर लागतात, असं तेच पुस्तक सांगतं. वाटेत 50 फुटांचा अडथळा ओलांडून यायचं असेल तर एकूण 365 मीटर. आमच्याकडे बांधावर निंबाचं झाड असतंच, तेव्हा हा दुसरा आकडाच आमचा.

त्यामुळे माझ्या विमानात बसलेल्या मुलाला एक प्रश्न कधीही, अगदी तो निवांत पाणी पीत असतानाही, ऐकावा लागतो : "आत्ता इंजिन गेलं तर कुठल्या शेतात उतरशील?" पहिल्या महिन्यात मुलं बोट दाखवतात आणि म्हणतात, "ते हिरवं." हिरवं! खाली पाहिलं तर सगळंच हिरवं.

इंजिन गेलं की विमान कोसळतं, असा बाहेरच्यांचा समज असतो. माझ्या आईचा अजून आहे, आणि तो घालवायच्या फंदात मी आता पडत नाही. खरं म्हणजे इंजिन थांबलेलं 152 ताशी 111 किलोमीटरच्या वेगाने, बऱ्यापैकी संथ उताराने खाली येतं. हजार फूट उंची खर्चून ते पावणेतीन किलोमीटर पुढे जातं आणि त्यात दीड मिनिट जातं. अडीच हजार फुटांवर असाल तर पावणेचार मिनिटं आणि सात किलोमीटर. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात दीडशे चौरस किलोमीटर जमीन येते. ऐकायला श्रीमंती वाटते. पण वळायला उंची लागते, समोरून वारा असतो, आणि शेतावर पोचल्यावर त्याला एक फेरी घालून नीट पाहायला हजारभर फूट गाठीशी असावे लागतात. खरं वर्तुळ दोन-अडीच किलोमीटरचं. त्यापलीकडची शेतं दिसायला सुंदर असतात, एवढंच.

सराव करताना मी काही न बोलता थ्रॉटल मागे ओढते. पंखा थांबत नाही; वाऱ्याने फिरत राहतो, नुसता ओढ लावतो. सिनेमात दाखवतात तशी शांतता नसते, वाऱ्याचा सू-सू आवाज उलट वाढतो. मुलाचा हात हमखास नाक वर खेचतो, कारण उंची सांभाळायची सवय लागलेली असते आणि उंची तर चाललेली असते. वेग पडतो. मग तो थ्रॉटल पुढेमागे करून पाहतो. मग एकदाचा बाहेर बघतो. या पहिल्या काही सेकंदांवर माझी निम्मी नोकरी चालते. आधी 60 नॉट, मग शेत, मग इंजिन पुन्हा सुरू करायचे उपाय, मग रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, आणि ट्रान्सपाँडरवर संकटाचा कोड 7700. हा क्रम मुलं रात्रीतून पाठ करतात. पाठ होत नाही ते शेत.

माझे आप्पा कापूस आणि केळी करणारे. लहानपणी त्यांच्या मागे बांधाबांधाने हिंडले, त्याचा उपयोग पुढे असा होईल हे दोघांनाही माहीत नव्हतं. माझ्याकडे येणारी मुलं कोझिकोडची, गुरुग्रामची, हैदराबादची, ठाण्याची. हुशार असतात, हवामानशास्त्राच्या पेपरात मला मागे टाकतील. पण वरून ज्वारी आणि गहू त्यांना सारखाच दिसतो. आमच्याकडे रब्बीत दादर पेरतात, ती ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाते. दोन हजार फुटांवरून तिचं रान गव्हासारखंच एकसलग दिसतं. गव्हात उतरलात तर विमान गुडघाभर पिकातून घसरत थांबेल. दादरमध्ये उतरलात तर जमीन आहे असं ज्याला समजत होतात, ती जमिनीच्या सात फूट वर निघेल.

म्हणून मी सांगते, पीक बघू नका, पिकाची सावली बघा. सकाळी नाहीतर दुपार कलल्यावर शेताच्या कडेला किती रुंद काळी पट्टी पडली आहे, त्यावरून उंची कळते. शेतात माणूस उभा असेल तर त्याचं किती अंग दिसतं ते बघा. बैलाची पाठ दिसत असेल तर हरकत नाही. नुसतं मुंडासं दिसत असेल तर दुसरं शेत शोधा.

केळी सर्वांत फसवी. पानं पानांना भिडलेली, वरून वाटतं गादीच पसरली आहे. खाली पाणीदार जाड बुंध्यांच्या रांगा, घडांना दिलेले टेकू, ठिबकच्या नळ्या. ऊसही त्याच जातीचा. नाशिककडे उडणाऱ्यांना मी द्राक्षबागेबद्दल वेगळं बजावते : मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा, आणि त्या काचेसमोर नेमक्या डोक्याच्या उंचीला येतात. कापूस भादव्यात चालून जाईल. वेचण्या संपल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या मात्र अंगठ्याएवढ्या जाड आणि हट्टी. भुईमूग, हरभरा, कांदा ही खरी मित्रमंडळी. त्यातही कांद्याच्या वाफ्यांना वरंबे असतात, ते आडवे लागले तर पुढच्या चाकाचा पाय मोडतो.

आणि माती. चैत्र-वैशाखात नांगरून तापत टाकलेली काळी जमीन वरून सपाट, तपकिरी, निर्धोक दिसते. मुलं आनंदाने तिच्याकडे वळतात. तिच्यातली ढेकळं घमेल्याएवढी असतात, हे ज्याने कधी अनवाणी त्यातून वाट काढली त्यालाच ठाऊक. वखर फिरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. वखरलेल्या रानाचा पोत बारीक दिसतो आणि तासांच्या दिशेने उतरता येतं. पावसाळ्यात तर काळीचं नावच काढू नये. पुढचं चाक रुततं आणि विमान नाकावरून पलटी खातं. श्रावणात मी मुलांना गायरान, मुरमाड माळ, गावाबाहेरचं क्रिकेटचं मैदान दाखवत फिरते. दगड लागतील, टायर फुटेल, फुटू दे.

रस्त्यावर का नको, हा प्रश्न दर तुकडीत येतो. नव्याने चौपदरी झालेला रस्ता वरून अगदी धावपट्टीसारखा दिसतो. पण त्यावर ट्रक आहेत, दुभाजक आहेत, दिशाफलकांच्या कमानी आहेत, आणि ज्या कुटुंबाने विमानात बसायचं ठरवलेलं नाही ते मोटारसायकलवर आहे. शेतात धोका आपला असतो. रस्त्यावर तो आपण दुसऱ्याच्या अंगावर नेऊन घालतो. एवढं सांगितल्यावर मुलं गप्प होतात. एकदोघे तरी चाचणीच्या दिवशी पुन्हा रस्ताच दाखवतात.

आता तारा. हवेतून तार दिसत नाही, खांब दिसतात, तेही सकाळच्या धुरकट उजेडात दिसले तर. मी गावाकडचं गणित सांगते : जिथे विहीर तिथे मोटर, जिथे मोटर तिथे तार, आणि चार विहिरींमागे कुठेतरी एक डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. विहिरीचं गोल तोंड वरून छान दिसतं. ते दिसलं की त्यापासून जवळच्या रस्त्यापर्यंत मनात एक रेघ ओढायची आणि तार तिथेच आहे असं धरून चालायचं. निळं चकाकणारं शेततळं दिसलं तरी तेच.

इंजिन जातं कशाने, हे मी थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंच जमिनीवरच निस्तरता येतं. पहिलं कारण लाजिरवाणं : इंधन संपणं. टाकीत पट्टी बुडवून पाहिली की हे टळतं; 152 च्या इंधनकाट्यांवर विसंबणाऱ्याला मी उडू देत नाही. मग इंधनात पाणी. आमचं एव्हगॅस निळं असतं, पूर्वी सगळं बाहेरून यायचं, 2022 पासून इंडियन ऑइल इथेही करते. पावसाळी रात्र बाहेर काढलेल्या विमानाच्या टाकीतून सकाळी काचेच्या नळीत थोडं इंधन काढलं की तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. पण नळीत नुसतं पाणीच आलं तर त्यात थेंब कुठून दिसणार? रंग पाहायचा, वास घ्यायचा.

कार्बुरेटरमधलं बर्फ हे मुलांना पटतच नाही. खानदेशात बर्फ! पण कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यात इंधनाची वाफ होताना तापमान वीसेक अंशांनी सहज उतरतं, आणि हवेत दमटपणा असेल तर बाहेर 25 अंश असतानाही आत बर्फ धरतं. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात. उष्ण हवेचा खटका ओढला की ते आणखी उतरतात, इंजिन खोकतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. याच क्षणी घाबरून खटका परत ढकलणारी मुलं मी पाहिली आहेत. थांबायचं असतं.

प्लगही दगा देतात. या इंधनातलं शिसं प्लगच्या टोकावर बसतं. जुन्या लोकांना प्लग बिघडण्याची इतकी सवय होती की ते प्लग खिशात घेऊन उडायचे. आगा खान यांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामधलं अंतर, कुठूनही निघून, एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. 1930 साली जेआरडी टाटा इकडून निघाले, विशीही न गाठलेला अस्पी इंजिनीयर तिकडून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या मैदानावर दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले, आणि बक्षीस अस्पीने जिंकलं. तोच पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला. मुलांना ही गोष्ट औदार्याची म्हणून आवडते. मला त्यात एवढंच दिसतं की प्लग बिघडणार हे जेआरडींनी धरलेलं होतं.

पूर्ण बंद पडलेल्या इंजिनाशी माझं भांडण नाही. ते स्पष्ट असतं. डोकं दुखवतं ते अर्धवट चालणारं इंजिन. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने एका इंजिनाच्या छोट्या विमानांवर एक पुस्तिका काढली होती. उड्डाणाच्या वेळी आणि लगेच नंतर, इंजिन साफ बंद पडण्याच्या तिप्पट वेळा ताकद अर्धवट जाते, असं त्यांना आढळलं. आणि आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो ते साफ बंद पडण्याबद्दल! उधारी बुडवणारा माणूस कसा दर भेटीत थोडे पैसे टेकवतो आणि उरलेल्याची आशा लावून ठेवतो, तसं हे इंजिन. ते सरळ नाही म्हणत नाही, म्हणून आपण त्याच्यावर भरवसा ठेवत जातो, आणि खालची चांगली शेतं एकेक करून मागे पडत जातात.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर धावपट्टीकडे वळायचा मोहही याच जातीचा. मुलांना वाटतं, पट्टी तर आत्ता मागे होती, 180 अंश वळलं की झालं. होत नाही. वळताना विमान बाजूला सरकतं, म्हणून आधी 180 हून जास्त वळावं लागतं आणि मग मध्यरेषेवर यायला उलटं. 45 अंश कलून वळलात तर विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, वेग 19 टक्क्यांनी वाढतो, आणि हातात उंची असते चारशे-पाचशे फूट. वर, समोरचा वारा आता पाठीमागून येतो. 5 मार्च 2015 रोजी हॉलिवूडचे अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या जुन्या रायन विमानाचं इंजिन सांता मोनिकाहून उडाल्यावर लगेच गेलं. कार्बुरेटरमधला मुख्य जेट सैल होऊन निघाला होता. त्यांनी परत येतो असं कळवलं, पण पट्टी गाठता येत नाही हे दिसल्यावर हट्ट सोडला आणि जवळच्या गोल्फच्या मैदानावर विमान टेकवलं. झाडाला घासलं, विमान मोडलं, स्वतः जखमी झाले, वाचले. मुलांना मी त्यांचे सिनेमे विचारत नाही, हा सोडलेला हट्ट सांगते.

माझ्यावर ही वेळ फेब्रुवारीच्या अखेरीस आली, सकाळी, हवा स्वच्छ असताना. डावीकडे कोझिकोडचा एक मुलगा, उंच, मितभाषी, हात चांगला. आम्ही जमिनीपासून अडीच हजार फुटांवर. आधी पायांखाली थरथर जाणवली, मग फेऱ्यांचा काटा 2300 वरून 1800 च्या आसपास आला आणि तिथे लटपटत राहिला. कार्बुरेटरला उष्ण हवा दिली. आणखी पडला आणि सावरला नाही, म्हणून परत घेतली. मिश्रण पुढेमागे केलं. डावा मॅग्नेटो, उजवा मॅग्नेटो, दोन्ही. काही फरक नाही. इंधनाचा कॉक चालूच, प्रायमर बंदच. विमान मिनिटाला तीनशे फूट उतरत होतं. आमची धावपट्टी 26 किलोमीटरवर.

तीनशेने अडीच हजारांना भागा : आठ-सव्वाआठ मिनिटं. ताशी 120 ने त्यात सोळा-सतरा किलोमीटर. मुलाने हा हिशेब माझ्याआधी केला होता, आणि त्याचं उत्तर त्याला आवडलेलं नव्हतं. "मॅम, शायद थोडा स्लो उडेंगे तो पहुँच जाएंगे?" वेग कमी केला म्हणजे पल्ला वाढतो असं नाही, हे त्याला पेपरात विचारलं असतं तर त्याने आकृती काढून दाखवलं असतं. पण तो विचारत होता ते उड्डाणशास्त्र नव्हतं. धावपट्टी सोडून द्यायची परवानगी कोणीतरी मोठ्याने देईल का, हे त्याला हवं होतं.

आणि मधली जमीन कशी होती? तापीचं पात्र, काठावर नाल्यांनी फाडलेली जमीन, मग मैलभर रुंद केळीचा पट्टा. इंजिनाने त्या पट्ट्यावर शेवटचा श्वास घेतला असता तर उतरायला जागा नव्हती. उजवीकडे खाली एक लांबट, फिकट पिवळसर पट्टी दिसत होती. हरभरा काढून झालेला. एका टोकाला काढलेल्या पिकाचा ढीग, कडेला निंबाचं झाड, झाडाखाली विहीर. विहीर म्हणजे मोटर, म्हणजे तार. ती रेघ पट्टीच्या उत्तरेकडून जात होती. वारा पश्चिमेचा, तास पूर्व-पश्चिम. मी म्हटलं, "हे इंजिन गेलं असं समज. आपण इथे उतरतोय." विमान माझ्या हातात घेतलं. मेडेची हाक त्याने दिली. आवाज थोडा चिरकला, पण ठिकाण, उंची, माणसं, सगळं बरोबर सांगितलं. आमच्याच शाळेचं दुसरं विमान वर होतं, त्याने ते टॉवरपर्यंत पोचवलं.

पुढची तीन मिनिटं हातांची होती. शेतावरून फेरी, दोन्ही दारं उघडून ठेवणं म्हणजे आपटल्यावर ती अडकत नाहीत, पट्टे आवळणं. तार दिसली. खरोखर तिथेच होती. शेवटच्या वळणावर शेत नक्की हातात आल्यावर मी मिश्रण तोडून इंजिन स्वतःच बंद केलं. मुलाने चमकून माझ्याकडे पाहिलं. जे अर्धवट चालतंय ते ऐन टेकताना अचानक जोर धरील किंवा सोडील, तो जुगार मला नको होता. पण फ्लॅप आधी खाली घेतले, कारण 152 चे फ्लॅप विजेवर चालतात. मुख्य स्विच बंद केल्यावर ते जिथे आहेत तिथेच राहतात. मग स्विच बंद, कॉक बंद.

आमच्या धंद्यात एक आकडा मला नेहमी धीर देतो. ताशी 80 किलोमीटरने जाणारं विमान एकसारखं, पण जोरात, म्हणजे गुरुत्वाच्या नऊपट धक्क्याने थांबवलं तर तीन मीटरांहून कमी अंतर पुरतं, आणि पट्टे आवळलेला माणूस तेवढा धक्का सोसतो. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट. म्हणजे शेवटी मोडायचं ते चाक, पंख, पंखा हे सगळं मोडू द्यावं. वेग कमी आणि विमान आपल्या ताब्यात असताना मोडू द्यावं. टेकायच्या क्षणापर्यंत उडवायचं. विमान विम्याचं असतं.

आम्ही टेकलो, हरभऱ्याची खोडकं चाकांखाली चरचरली, जमीन कडक होती. शंभर मीटर छान गेले. शेवटी पाण्याचा एक पाट आडवा आला, जो वरून दिसला नव्हता. पुढच्या चाकाचा पाय वाकला, पंख्याचं एक पातं मातीत गेलं आणि आम्ही नाक खाली घालून थांबलो. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही.

मग गाव आलं. कुठून आलं कळत नाही, पण पाच मिनिटांत शंभर माणसं. पहिली एक बाई, कडेवर पोर, "लागलं का गं ताई?" मग पाण्याची कळशी. मग एक म्हातारेबुवा, त्यांनी विमानाला पूर्ण चक्कर मारून विचारलं, "पेट्रोल संपलं का?" मी नाही म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. त्यांच्या तोंडातली विडी आधी विझवायला लावली. पोरं पंखावर चढायच्या बेतात होती. कोझिकोडच्या मुलाला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण तो दोन्ही हात पसरून विमानासमोर असा उभा राहिला की एकही पोर पुढे सरकलं नाही. पोलीस पाटील येईपर्यंत तो हलला नाही.

शेत दोघा भावांचं. थोरल्यांशी बोलताना उलगडा झाला की एवढी लांब पट्टी बांधाशिवाय कशी मिळाली. वाटणी झालेली नव्हती. वडील गेल्यावर धाकटा मागत होता, थोरले आज-उद्या करत होते, मधे बांध पडायचा राहिला होता. "या उन्हाळ्यात घालणारच होतो," थोरले म्हणाले. विचिटाच्या पुस्तकात या गोष्टीची सोय नाही.

विमान अपघाताच्या चौकशीचे नियम असे की परवानगी येईपर्यंत अवशेष हलवता येत नाहीत. थोरल्यांना पुढचा भुईमूग पेरायची घाई. तलाठ्यांनी पंचनामा केला. पीक निघालेलं असल्याने विमानाने पिकाचं नुकसान केलेलं नाही, असं त्यात आलं. नुकसान झालं ते शेजाऱ्याच्या गव्हाचं, आणि ते केलं पाहायला आलेल्या लोकांनी. भरपाई आमच्या शाळेने दिली, थोडी घासाघीस होऊन. रात्री राखणीला थोरले स्वतः खाट टाकून विमानाशेजारी झोपले. परवानगी आल्यावर पंख काढून सगळं ट्रकवर चढवलं. इंजिन उघडलं तेव्हा एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळक्या थराने आपल्या नळीत अडकून बसलेला निघाला. चारातला एक सिलिंडर जवळपास काहीच करत नव्हता. आम्ही वर फिरवलेल्या कुठल्याही खटक्याने तो सुटला नसता.

जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एकटीने उडणाऱ्या एका शिकाऊ मुलीचं असंच 152 शेतात कोसळलं. ती किरकोळ जखमांवर वाचली, गावकरी मदतीला धावले. तिच्या शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. मी तो विचार बराच वेळ करत बसले होते. माझ्याजवळ निदान आप्पांच्या मागे हिंडलेली वर्षं होती; त्या मुलांजवळ काय असतं?

तेव्हापासून ज्या दिवशी ढगांमुळे उड्डाणं होत नाहीत, त्या दिवशी मी तुकडीला जीपमध्ये घालून रानात नेते. दादरमध्ये उभं करते, मग गव्हात. नांगरटीतून चालायला लावते, बूट काढून. डीपीपासून विहिरीपर्यंत तारेखालून जायला सांगते आणि दुसऱ्या दिवशी तीच तार हवेतून शोधायला लावते. सापडत नाही. शाळेच्या व्यवस्थापनाला यात डिझेल फुकट जातंय असं वाटतं आणि दर तिमाहीला ते मला तसं सांगतात. मुलांना सुरुवातीला हे गमतीचं वाटतं, मग कंटाळवाणं. गुरुग्रामची एक मुलगी मात्र वहीत पिकांची चित्रं काढून त्यांच्यासमोर महिने लिहिते. आता ती वरून सांगते, "मॅम, नीचे मूंग कट गया, रबी का अभी कुछ नहीं बोया." मी खाली बघते, बरोबर असतं.

आमच्या खोलीत भिंतीवर सराव-क्षेत्राचा एक मोठा नकाशा आहे आणि त्यावर उतरण्याजोगी शेतं पेन्सिलीने खुणावलेली आहेत. पेन्सिलीने, कारण प्रत्येक हंगामात ती खोडावी लागतात. त्या दोघा भावांची वाटणी शेवटी झाली. मधे बांध पडला, आणि थोरल्यांनी आपल्या अर्ध्यात यंदा केळी लावली आहे. ती खूण पुसून टाकली. त्या भागात पुढचं बरं रान दीड किलोमीटर पूर्वेला आहे, लांबीला पुरेसं, पण त्याच्या ऐन तोंडाशी डीपी आहे.